मी रुकय्याचाचींच्या उजव्या गुडघ्याचा

मी गुडघ्याचा पट्टा बोलतोय. काळा, ताणला जाणारा, वाटीच्या जागी गोल भोक असलेला. कुठल्या कारखान्यात शिवला गेलो ते आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं मालवणात, युसूफभाईंनी मला औषधांच्या दुकानातून बायकोसाठी घेतलं तेव्हा.

रुकय्याचाची पन्नाशीच्या. बंदराजवळ त्यांचं जाळी-दोरांचं दुकान. फरशीवर उभं राहून उजवा गुडघा झिजला होता. सकाळच्या नमाजानंतर त्या मला चढवत, निजताना काढत. तीन वर्षं त्या गुडघ्यावर माझ्याशिवाय कुणाचा हक्क नव्हता. कुणी विचारलं तर त्या सांगत, "ह्यो आसा म्हणून मी उभी आसंय." हे ऐकलं की मी फुगायचो.

मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांची नात जोया आली. चार वर्षांची. बंदरावर चाचींचा हात सोडून ती थेट पाण्याच्या दिशेनं पळाली. चाची लंगडत मागे निघाल्या. मी गुडघा घट्ट आवळून धरला, पण त्याला पळवणं मला येत नव्हतं. अगदी कडेशी मासे निवडत बसलेल्या बाईनं जोयाला कमरेला धरलं, म्हणून ती वाचली.

घरी जेवताना चाची युसूफभाईंना म्हणाल्या, "माका धावूक शिकूचा आसा."

युसूफभाई हसले नाहीत. त्यांना कुडाळला घेऊन गेले, फिजिओथेरपिस्ट संचिता मॅडमकडे. मॅडमनी आधी चाचींच्या जुन्या चपला उलट्या करून पाहिल्या. दोन्ही आतल्या बाजूनं झिजलेल्या. पाऊल आत कलतं, त्याचा ताण गुडघ्यावर येतो, असं त्यांनी समजावलं. सहा आठवडे नुसतं चालायचं, मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. भुसभुशीत वाळूत नाही. आणि सगळ्यात आधी नीट बघून बूट घ्यायचे. माझ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. तेव्हापासून मला 'बूट' हा शब्द सोसेना.

दिवसभरात पाय सुजतात, म्हणून मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही संध्याकाळी निलेशच्या बुटांच्या दुकानात गेलो. पहिला जोड गुलाबी, पातळ तळाचा. चाचींना रंग आवडला. मला तर फारच आवडला. त्यात गुडघा दुखतच राहिला असता आणि मी कायमचा राहिलो असतो. पण करंगळीला घासतंय म्हणून चाचींनी तो परत केला.

दुसरा जोड करडा, बोजड दिसणारा. पुढे बोटं पसरायला जागा, टाच घट्ट धरलेली, तळ जाड आणि आतल्या बाजूला जरा टणक. चाचींनी एक पाऊल टाकलं आणि माझ्यावरचा भार हलका झाला. रोज मी जे सोसत होतो, ते या उपऱ्यानं एका पावलात उचललं. माझा जळफळाट झाला.

मी वाईट वागलो. मागच्या बाजूनं दुमडलो आणि गुडघ्याच्या खळग्यात चावलो. चाची कळवळल्या. हे नकोत म्हणाल्या. पण निलेशनं पाहिलं, त्यांचा हात पावलाकडे न जाता गुडघ्यामागे गेला होता.

"चाची, पट्टो काढा आणि एकदा चला."

मला काढून स्टुलावर ठेवलं. चाची दारापर्यंत जाऊन आल्या. पुन्हा गेल्या, या वेळी जरा भरभर. मग युसूफभाईंकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता दुखना नाय."

त्या दिवशी बूट पायात घरी आले आणि मी त्यांच्या खोक्यात.

फाल्गुनापर्यंत चाची किनाऱ्याच्या डांबरी रस्त्यावर पाच मिनिटं सलग धावू लागल्या. तोवर मी खोक्यातून खुंटीवर आलो होतो; हे मला तिथं नुसतं ऐकायला मिळालं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला साबणानं धुतलं. शेजारच्या निवृत्त शिक्षिका कावेरीबाईंचा गुडघा सुजलाय, त्यांना द्यायला. धुताना चाचींनी सलवार वर घेतली होती. मी तो गुडघा पाहिला. माझ्या शिवणीनं तीन वर्षांत तिथं लाल वळ उठवला होता. तो आता कुठेच नव्हता.

कावेरीबाईंचा गुडघा मऊ आहे. त्या मला जपतात. पण आज सकाळीच त्यांनी निलेशच्या दुकानाचा पत्ता विचारून घेतला.

तुमच्यापैकी कुणी बूट घ्यायला जाणार असाल, तर जरूर जा, नीट बघून घ्या. फक्त गुडघ्याच्या पट्ट्याला घरी ठेवून जा. त्याला ते बघवत नाही.