अंगावरची कुंची

"आधी कान झाक, मग बंद बांध. अन् गाठ गळ्यावर नको गं, हनुवटीच्या कडंला घे. लेकरू रडलं की गाठ रुतती."

शिवकांताकाकूंचा हा मऊ आवाज अजून माझ्या घडीघडीत आहे. मित्रांनो, मी एक जुनी कुंची आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. लहान लेकराच्या डोक्यावर बसायचं, दोन्ही कान झाकायचे आणि पाठीवरून कमरेपर्यंत खाली उतरायचं, एवढंच माझं काम. आता बाजारात लोकरीच्या कानटोप्या मिळतात. मी एका पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून असते. पण माझं मन पडून राहत नाही. एका दिवसाची आठवण मला घडीतसुद्धा नीट बसू देत नाही. तीच तुम्हाला सांगते.

माझा जन्म नांदूरघाटच्या पेठेतला. चन्नप्पांचं किराणा दुकान पुढं आणि घर मागं. त्यांची मालकीण म्हणजे शिवकांताकाकू. पहाटे आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब तोंडात घ्यायच्या नाहीत. लेकीच्या, शिवानीच्या वेळी दिवस गेले, तेव्हा त्यांनी आपल्या हिरव्या खणाचं कापड काढलं आणि दुपारच्या वेळी मला हातानं शिवायला घेतलं. दर टाक्याला "नमः शिवाय" म्हणायच्या. बोलणं चुकलं तर टाका उसवून पुन्हा घालायच्या. आत जुन्या धोतराचं मऊ अस्तर, कडेला लाल झालर, मागं दोन गोंडे.

शिवानी माझ्यात वाढली. तिला साधा कान दुखल्याचं कुणाला आठवत नाही. मग पेठेतल्या बायका मला मागू लागल्या. कुणाचं बारसं, कुणाची पहिली संक्रांत. "वाणीनकाकूंची कुंची आणा, लेकरू धष्टपुष्ट होतं," असं म्हणायच्या. खरं सांगायचं तर लेकरं धष्टपुष्ट होत होती ती आयांच्या दुधानं, पण कौतुक माझं व्हायचं, आणि मलाही ते गोड लागायचं.

आमच्या भागात एक रीत आहे. ज्या बाईची लेकरं जगत नाहीत, तिनं पुढच्या लेकराला स्वतःच्या घरचं कापड घालायचं नाही. पाच घरांतून मागून आणायचं, आणि तेही जगल्या-वाचल्या लेकराच्या अंगावरचं. धुतलेलं चालत नाही. धुतलं की त्या लेकराचा गुण पाण्याबरोबर जातो म्हणतात. अंगाची ऊब असतानाच ते कापड इकडून तिकडं जायला हवं.

दीपमाला अशीच एक बाई. गावाच्या कडेच्या वस्तीत राहायची. दर हिवाळ्यात नवरा उत्तरेश्वर याच्याबरोबर ऊसतोडीला जायची. तिची दोन लेकरं हाती लागली नव्हती. तिसरा मुलगा झाला, त्याचं नाव सटवा ठेवलं, आणि दहा महिने तिनं त्याला डोळ्यांआड होऊ दिलं नाही. "जावळ काढलं की डोस्क्यावर तुमच्या घरची कुंची घालीन, काकू," ती म्हणाली होती. "देते की. माझ्या हातानं आणून देते," काकूंनी शब्द दिला होता.

तो पंच्याण्णव सालचा दसरा. पेठ बदलत चालली होती. चन्नप्पांच्या दुकानात शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, समोरच्या घरावर टीव्हीचा नवा अँटेना उभा होता. ऊसतोडीच्या लॉऱ्या निघायच्या म्हणून मीठ, मिरची, काड्यापेट्या घ्यायला नुसती रीघ लागलेली. शिवानी लेकीला घेऊन माहेरी आली होती. लेक स्वप्नाली, अडीच वर्षांची, बोलायला तिखट. मला डोक्यावर बांधून गल्ल्याजवळ बसायची आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, "आज न्हाई, उद्या ये."

एके दिवशी तिचं अंग तापलं. डोळे लाल झाले, नाक वाहू लागलं, खोकला सुरू झाला. मग माझ्या अस्तराखाली, तिच्या कानामागं, लाल ठिपके उमटले. ते सगळ्यांत आधी मलाच कळले. काकूंनी मला बाजूला करून पाहिलं आणि हात जोडले.

"बाई आल्यात," त्या म्हणाल्या.

गोवर निघाला की आमच्याकडे असंच म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, लेकराला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. डहाळा दिसला की येणारा माणूस दारातूनच नमस्कार करून माघारी फिरतो.

"डहाळा मागल्या दाराला बांध," चन्नप्पा म्हणाले. "हेच चार दिवस धंद्याचे हायत. पुढं लिंब दिसला तर माणूस पायरी चढायचा न्हाई."

डहाळा मागच्या दाराला बांधला गेला. त्या दारानं फक्त मांजर ये-जा करायचं.

आणि दुसऱ्याच दिवशी सटव्याचं जावळ होतं.

"मी हिला कुठं न्यायची न्हाई, आई," जावळाच्या सकाळी शिवानी म्हणाली. "अंग बघ किती कढत हाय."

"शब्द दिलाय गं मी. अन् कुंची अंगावरचीच लागती. नुसती पाठवली तर ते चिंधुक झालं."

"मग बरी झाल्यावर दे की."

"उद्या त्यांची लॉरी हाय. मग उन्हाळ्यापतूर गाठ न्हाई." काकूंनी स्वप्नालीला कडेवर घेतलं आणि माझे बंद आवळले. "घटकाभर जाऊन येते. कान झाकलेत, मान झाकली. कुणाला दिसायचं न्हाई."

मित्रांनो, मी वारा अडवायला जन्मले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला माणसांची नजर अडवायला लावलं. वाटेत मी सारखी सरकत होते, गोंडे हलत होते. काकू पुन्हा पुन्हा मला पुढं ओढत होत्या.

दीपमालाच्या अंगणात गर्दी होती. मामा बिभीषण सटव्याला मांडीवर घेऊन बसला होता, न्हावी कात्रीला धार लावत होता, आणि सटवा सगळी वस्ती गोळा होईल असा रडत होता.

"रडतो कावून बे?" बिभीषण म्हणाला. "मोठा झाल्यावर तर पैसे देऊन करावं लागतंय हे."

पाच घरच्या आया आपापली लेकरं घेऊन आल्या होत्या. एकीनं लेकाच्या अंगातलं झबलं काढून दिलं, एकीनं करदोडा, एकीनं पायातला काळा दोरा. लेकरं मात्र एकमेकांना खेटून एकाच ताटातले मुरमुरे खात होती. स्वप्नालीही खाली उतरली आणि त्यांच्यात जाऊन बसली. ती खोकली. शिंकली. पुन्हा खोकली. मला तिचं तोंड झाकता येत नव्हतं.

जावळ निघालं. काकूंनी माझी गाठ सोडली, आणि स्वप्नालीच्या मानेवर ऊन पडलं.

"पोरीच्या मानंवर काय उठलंय गं?" दीपमालाची सासू विमलबाई वाकून बघू लागली.

काकूंनी पदर पुढं घेतला.

"घामोळ्या हायत," त्या म्हणाल्या. "उकडतंय किती."

रोज पहाटे देवाचं नाव घेणारं ते तोंड. तो शब्द त्यातून इतका हळू निघाला की मला वाटलं, कुणाला ऐकू गेला नसेल. पण विमलबाईंनी मान हलवली, आणि मी उबदार तशीच सटव्याच्या उघड्या डोक्यावर बांधले गेले. तो रडायचा थांबला. सगळ्या बायका हसल्या. दीपमालानं त्याची अलाबला घेतली, बोटं कानशिलावर मोडली.

ती दुपार माझ्यानं सरेना. झोपडीत गाठोडी बांधली जात होती, कोयत्यांना मुठी बसवल्या जात होत्या, चुलीवर वाटेतल्या भाकरी भाजल्या जात होत्या. सटवा माझ्यात झोपला होता. मी त्याच्या कपाळाची ऊब पुन्हा पुन्हा चाचपत होते. गरम आहे का? नाही. आता? वारा आला की माझी झालर हलायची आणि मला वाटायचं, कुणीतरी मला इथून काढून न्यावं.

दिवेलागणीला काकू आल्या. एकट्याच. दारात उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"दीपमाला, त्या घामोळ्या न्हवत्या," त्या म्हणाल्या. "गोवर हाय. मला कालच ठाऊक होतं."

दीपमालाची भाकरी तव्यावरच करपू लागली.

"नर्सबाई दुकानात साबण घ्यायला आलत्या. पोरगी आतनं पळत आली, अन् त्यांनी बघितलं. म्हणल्या, हिच्यापाशी कोण लेकरं बसली होती?" काकूंनी पदरानं चेहरा पुसला. "पूजेला बसले तर हातातलं लिंग नजरंसमोर ठरंना. म्हणून आले."

"घामोळ्या म्हणलीस ना गं?" विमलबाई उठून उभ्या राहिल्या. "माझी दोन नातवंडं मातीत गेली. हे तिसरं. तुला ठाव न्हवतं का?"

"ठाव होतं."

"अन् डहाळा? तुमच्या दाराला डहाळा कावून न्हवता?"

"होता. मागल्या दाराला."

दीपमालानं एकदम माझी गाठ ओढली आणि मला सटव्याच्या डोक्यावरून काढून उंबऱ्याकडं फेकलं. मला राग आला नाही.

"कापडापेक्षा खोकला वाईट," काकू म्हणाल्या. "नर्सबाई सांगत होत्या, हा आजार श्वासानं जातो. लेकरं जवळ बसली तिथंच झालं. पण आजच बसलीत, तवा लगेच सुई टोचली तर वाचायची आशा हाय. उद्या सकाळी दवाखान्यात सुया हायत."

"उद्या पहाटं लॉरी हाय," उत्तरेश्वर बाहेरून म्हणाला. "मुकादम एका लेकरापायी थांबायचा न्हाई, काकू."

"तुमी पुढं व्हा. ह्या दोघांना माझ्यापाशी ठेवा. सुई झाली की मी सोबत येते, जीपनं मांजरसुंब्याला आणून सोडते. लॉऱ्या जेवायला तिथंच थांबत्यात ना?"

उत्तरेश्वरनं दोघांचं गाठोडं बाजूला काढून ठेवलं. दीपमालानं सटव्याला छातीशी धरलं. मग म्हणाली, "काकू, ह्याचं तुमी कराल. पण झबलं देणारी, करदोडा देणारी, ती लेकरं बी होती की. त्यातली तीन ह्याच लॉरीत हायत. त्यांच्या आयांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

"सगळ्यांना?"

"दारोदार जाऊन सांगते. आत्ताच. उजाडल्यावर कुणी गावात सापडायचं न्हाई."

"उद्या तुझ्या दुकानाची पायरी कोण चढंल?" विमलबाई म्हणाल्या. राग तोच होता, पण आवाज उतरला होता. "मालकाला इचारून आलीस का?"

"सांगून आले," काकू म्हणाल्या.

मित्रांनो, मी तेव्हा उंबऱ्यापाशी धुळीत पडले होते. मला हात असते तर मी जोडले असते. कुणाच्या घरी लेकराला गोवर, कांजिण्या, डांग्या खोकला असला तर त्याला घरातच राहू द्या. जावळ पुढच्या महिन्यात होतं, जत्रा पुढच्या वर्षी भरते. शब्द पाळण्यासाठी म्हणून आजारी लेकराला कडेवर घेऊन गर्दीत जाऊ नका; ज्याला शब्द दिला त्याच्याच अंगावर तो उलटतो. आणि नेलंच असेल, तर लपवू नका. शेजारच्या आईला वेळेवर कळलं, तर ती आपलं लेकरू सांभाळू शकते. न कळलं, तर तिच्या हातात काहीच राहत नाही.

काकू वाकल्या. मला उचललं, झटकलं, आणि घडी घालून उंबऱ्याच्या आत ठेवलं. स्वतः मात्र आत पाऊल टाकलं नाही. डोक्यावरचा पदर सारखा केला.

बाहेर अंधारून येत होतं. कुठंतरी लॉरीचा पत्रा वाजत होता, माणसं सामान चढवत होती. काकू त्या आवाजाकडं न बघता समोरच्या, झबलं देणाऱ्या बाईच्या झोपडीकडं चालू लागल्या. चालताना त्यांचे ओठ हलत होते. दारापासून चार पावलं अलीकडेच त्या थांबल्या, आणि नेहमीच्याच हळू आवाजात हाक दिली,

"सरस्वतीबाई, हाय का घरात? जरा बाहेर येता का? मला काही सांगायचं हाय."