आप्पांना सांगायचं कुणी

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण अंजनानं नवऱ्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. तिला ते जमायचंच नाही. ज्ञानू फौजेत ट्रकवर ड्रायव्हर होता. तो सुट्टीवर आला की म्हैस किती दूध देते इथपासून जावेशी कुठल्या शब्दावरून वाजलं इथपर्यंत सगळं ती चहा उकळायच्या आत सांगून मोकळी व्हायची. आता मात्र तिच्या पोटात एक गोष्ट धोंड्यासारखी बसली होती आणि ती बाहेर काढायला तिला बंदी होती.

बंदी घातली होती मुलानं, उदयसिंहनं. ज्ञानूचा खोकला हटेना, आवाज बसला, सकाळी उठल्यावर तोंड सुजलेलं दिसायला लागलं, तेव्हा तो साताऱ्याहून रजा काढून आला आणि बापाला सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. छातीचे फोटो झाले, सुई घालून तुकडा काढून तपासला. रिपोर्ट घेऊन आला त्या दिवशी त्यानं आईला परसात नेलं.

"आई, कॅन्सर आहे. फुफ्फुसाचा. पसरलाय. पण आप्पांना बोलायचं नाही. त्यांनी धीर सोडला तर सगळंच संपलं."

मग घरात ठरलं, 'फुफ्फुसाला सूज आलीय' असं सांगायचं. सून संयोगितालाही तेच बजावलं. शेजारच्या बिराप्पाला सांगावंच लागलं, कारण त्याची नि यांची विहीर सामाईक होती आणि दवाखान्याच्या खेपांत उसाला पाणी पाजायला माणूस हवा होता. बिराप्पाकडून गोष्ट वाडीभर झाली. कडेगावच्या बाजारात लोक अंजनाला थांबवून हळू आवाजात विचारायचे. ठाऊक नव्हतं ते एकट्या ज्ञानूला.

आणि आज डॉक्टरीणबाईंनी उदयसिंहच्या बेतावर पाणीच ओतलं.

डॉक्टर क्षमा चाळिशीच्या, बोलायला मऊ, पण एकदा नाही म्हटलं की नाही. त्यांच्याकडे याच जातीच्या कॅन्सरवर एका नव्या औषधाचा अभ्यास चालू होता. उदयसिंहला ते कुठून तरी कळलं होतं आणि तो त्या औषधाच्या मागेच लागला होता. ज्ञानू बाहेर बाकावर बसला होता. आत मायलेक.

"घेता येईल त्यांना," डॉक्टर म्हणाल्या. "तपासण्या बसतायत. पण आधी काकांना सगळं सांगावं लागेल. आजार काय आहे, औषध काय आहे, धोका काय आहे. हो किंवा नाही त्यांनी स्वतः म्हणायचं. तुम्ही नाही."

"मॅडम, मी सही करतो ना. मुलगा आहे मी."

"तुमची सही चालत नाही. औषध त्यांच्या अंगात जाणार आहे. आणि अजून एक ऐका. नवं औषध मिळेलच असं नाही. निम्म्या लोकांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्याच्या जोडीला नवं औषध. कुणाला काय, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. मी नाही ठरवत. नव्या औषधानं फायदा होतो की नाही हे आम्हालाही माहीत नाही, म्हणून तर अभ्यास."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर अभ्यासाबाहेर नेहमीचे उपचार करू. पण याच आठवड्यात सुरू करायला हवेत. हा आजार थांबत नाही कुणासाठी."

उदयसिंहनं डोकं धरलं. "माझ्यानं नाही व्हायचं सांगणं."

"मी सांगते. माझं कामच आहे ते," डॉक्टर म्हणाल्या.

"नगं," अंजना एकदम बोलली. तिचं तिलाच नवल वाटलं. "मी सांगते. परक्या तोंडानं न्हाई कळाय पायजे त्यास्नी."

ज्ञानूनं तोवर दवाखान्याबाहेरच्या गाडीवरून भडंग घेतलं होतं आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसून एकेक दाणा टिपत होता. अंजना शेजारी बसली. त्यानं कागदाची पुडी तिच्यापुढं धरली. तिनं मूठभर घेतलं, पण तोंडात काही टाकलं नाही.

"आवं, सूज न्हाई ती."

"मग?"

"क्यान्सर हाय. फुफ्फुसाचा. कवाच कळलंय आमाला."

ज्ञानूचा हात पुडीतच राहिला. समोरून एक ॲम्ब्युलन्स आत आली, माणसं धावली, स्ट्रेचर गेलं. तो ते सगळं होईस्तोवर बघत राहिला.

"कुनाकुनाला ठावं हाय?" त्यानं विचारलं.

"उदयला. संयोगिताला."

"आजून?"

"बिराप्पाला."

"बिराप्पाला?" ज्ञानूचा बसलेला आवाज चिरकला. "तरीच! तरीच त्यो सोद्या म्हनला, 'ज्ञानू, माझी पाळीबी तूच घे पान्याची.' जल्मात कवा एक बादली जास्त सोडली न्हाई त्यानं! आन मी येड्यागत त्याचं गुन गात बसलो. म्हंजे समद्या वाडीला ठावं. मीच तेवडा बुजगावणं व्हय?"

अंजना रडायला लागली. त्यानं तिला गप्पही केलं नाही. पुडी कट्ट्यावर ठेवून तो उठला, दम खात खात पायऱ्या चढला आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेला.

डॉक्टर बराच वेळ त्याच्याशी बोलल्या. मध्ये चहा आला. ज्ञानूनं फौजेतल्यासारखे तुटक प्रश्न विचारले आणि उत्तर समजेपर्यंत पुढचा विचारला नाही. घरी जाऊन विचार करा, उद्या या, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो आला तो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. त्यांच्या हाताखालच्या अनीशनं कॅमेरा लावला. पेशंटला नीट कळलंय आणि तो आपखुशीनं हो म्हणतोय, याचं चित्रण ठेवायचं होतं. अंजना नि उदयसिंह मागं उभे राहिले.

"काका, तुम्हाला काय कळलंय ते तुमच्या शब्दांत सांगा."

ज्ञानूनं घसा खाकरला. "मला फुफ्फुसाचा क्यान्सर हाय. बारक्या पेशींचा म्हनत्यात. नाव बारकं, पर गडी दांडगा हाय. पुरता बरा व्हनार न्हाई. औषधानं काय दिवस दबंल. नवं औषध मिळंल न्हाईतर न्हाई मिळायचं, ते कॉम्प्युटर ठरवनार. त्यानं तरासबी व्हईल. आन मला नगं वाटलं तर मी कवाबी न्हाई म्हनू शकतो."

मागं उदयसिंहनं भिंतीकडं तोंड केलं.

"काही विचारायचंय?"

"व्हय. ज्यास्नी नवं औषध मिळनार न्हाई, त्येंचा काय उपेग तुमाला?"

"त्यांच्याशिवाय अभ्यासच होणार नाही, काका. नव्या औषधानं फरक पडला की नाही हे कुणाशी ताडून बघणार?"

ज्ञानूनं मान हलवली. "मग लिवा माझं नाव."

त्याच्या वाट्याला नेहमीचे उपचार आले. नवं औषध दुसऱ्या कुणाला तरी गेलं.

उदयसिंहला ते सहनच होईना. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये तो आईला म्हणाला, "म्हणजे काहीच हाताला लागलं नाही. औषधापायी त्यांना सांगितलं, नि औषधच मिळालं नाही. निदान गाफील तरी राहिले असते." तिलाही तेच वाटत होतं. त्यातून ज्ञानू तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. पाणी दे, चादर दे, बस्स.

पण नेहमीचं औषधही काही साधं नव्हतं. दुसऱ्या सलाईननंतर तोंडाची सूज उतरली, खोकला कमी झाला. केस गेले, जिभेची चव गेली, पण ज्ञानू पुन्हा बांधापर्यंत चालत जायला लागला. पहिलं काम त्यानं केलं ते बिराप्पाच्या दारात जाऊन भांडण्याचं.

"तुझी पाळी तू घे! मेलो न्हाई आजून मी!"

"बरं बाबा, घेतो," बिराप्पा म्हणाला. आणि चार दिवसांतच त्यानं आपल्या पाळीपेक्षा अर्धा तास जास्त विहिरीवरची मोटार चालवली. ज्ञानू शिव्या देत घरी आला. पण कित्येक दिवसांनी त्या दिवशी त्यानं भाकरी मागून घेतली.

मग एका सकाळी त्यानं दारातल्या जुन्या ओम्नीची किल्ली अंजनापुढं धरली.

"बस गाडीत. हिकडं न्हवं, स्टेरिंगवर."

"आवं, डोकं फिरलं का काय तुमचं? साठीला आली मी."

"फौजेत अडाणी पोरं घेऊन डोंगरात ट्रक शिकवल्यात मी. तू तर माझी बायको हायस. बस."

शिकाऊ लायसन काढताना कडेगावातली पोरं हसली. साखर कारखान्याच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर धडे सुरू झाले. अंजना क्लच सोडायची नि गाडी म्हशीसारखी उडी मारून बंद पडायची. ज्ञानू डॅशबोर्डवर थाप मारून ओरडायचा, खोकायचा, पुन्हा ओरडायचा. उसाच्या बैलगाडीवाल्यांनी तर ही पांढरी गाडी दिसली की रस्ताच सोडून द्यायचा असा नेम केला.

एकदा चढावर गाडी मागं घसरायला लागली. अंजना घाबरून दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली. गाडी थांबली.

"कशाला मांडलाय ह्यो जिवाला घोर?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"उदय साताऱ्याला. मी हाय तवर हाय. फुडं दवाखाना झाला, बाजार झाला, तर कुनाकुनाची वाट बघत बसनार हायस?"

मग ज्ञानू बाहेर उसाकडं बघत म्हणाला, "त्या दिशी मी रागावलो, ते तू सांगितलंस म्हनून न्हवं. उशिरा सांगितलंस म्हनून. येवड्या दिवसांत तुला कवाच गाडी आली असती."

अंजनानं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं, मी तुमास्नी आदीच मारलं."

"हट्! चल, हँडब्रेक वड. पयला गियर."

पुढच्या खेपेला उदयसिंह आला तेव्हा आईनं त्याला ओम्नीतून एसटी स्टँडवरून घरी आणलं. तो सारा रस्ता दाराची कडी धरून बसला होता. त्या रात्रीच्या जेवणाला बापलेक पहिल्यांदा आजाराबद्दल उघड बोलले. पुढच्या लागणीत अडसाली ऊस नको, त्याला दीड वर्ष लागतं, हळद लावा, आईला एकटीला झेपेल, असं ज्ञानूनं सांगितलं. उदयसिंहनं वाद घातला, उसाचीच बाजू धरली, आणि वाद घालता घालता रडला. ज्ञानूनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

आजार उन्हाळ्यात परत उठला. या वेळी डोक्यात गेला होता. डॉक्टर क्षमांनी दुसरं औषध दिलं, रेडिएशनचे शेक दिले. त्याचा उपयोग थोडाच झाला. ज्ञानू घरी राहिला. शेवटच्या दिवसांत त्याला माणसांची नावं आठवत नव्हती, पण अंजना उठून गेली की त्याचा हात पलंगाच्या कडेवर तिला शोधायचा. संयोगिता त्याला चमच्यानं पेज भरवायची. बिराप्पा रोज येऊन पायाशी बसायचा आणि विहिरीला पाणी किती आहे ते सांगायचा. हळद उगवून वीतभर झाली होती, तेव्हा एका दुपारी ज्ञानू गेला.

दिवाळीनंतर अंजनाचा फोन वाजला. अनीश होता. अभ्यासातल्या सगळ्यांची ते ठरावीक काळानं चौकशी करायचे.

"काकी, काका कसे आहेत?"

तिनं सांगितलं. तिथी सांगितली, मग त्याच्या कामाची म्हणून तारीख सांगितली.

"मला माहीत नव्हतं काकी. माफ करा. डॉक्टरांना सांगतो मी."

"सांगा. आन बाळा, त्या नव्या औषधाचं काय झालं? लागू पडतंय का?"

"अजून नाही कळलं. कितीतरी देशांतली माणसं आहेत यात. सगळ्यांचं जमवून हिशेब व्हायला वर्ष-दोन वर्षं जातील."

"कळलं म्हंजे मला फोन कर."

"नाही पडलं लागू, तरी करू?"

"तरीबी कर. त्येंनी त्यात नाव घातलं हुतं. त्येंच्या वाटचं मला कळाय पायजे."

अनीश हो म्हणाला. त्यानं तिच्या तब्येतीची चौकशी केली, जेवता ना वेळेवर, असं विचारलं. जेवते, ती म्हणाली, आणि हळद काढणीला कुठल्या महिन्यात येते ते त्याला विनाकारणच सांगत बसली.