कप्तानाच्या कोटाचं भोक

चौऱ्याण्णव साली, आखातातल्या अराद गावातल्या आपल्या दुकानात, नजीब रफूवाल्याला एका दिवशी सकाळपासून बूड टेकवत नव्हतं. एका फोनने त्याची अक्षरशः दाणादाण उडवली होती.

गेल्या आठवड्यात एका अमेरिकन साहेबाने जुना निळा लष्करी कोट अस्तर बदलायला टाकला होता. कोट पणजोबांचा. त्यांच्या देशात यादवी पेटली तेव्हा ते कप्तान होते. डाव्या खांद्याला भोक, कडा करपलेल्या. रत्नागिरीत बापाने शिकवलं होतं, भोक दिसलं की न विचारता बुजवायचं, गिऱ्हाईक दुवा देतं. नजीबने करपलेली कड कातरली, कोटाच्याच आतल्या शिवणीतले दोरे ओढून इतकं बेमालूम रफू केलं की त्यालाच जागा सापडेना. स्वारी स्वतःवर भलतीच खूश होती.

आणि आज साहेब फोनवर हसत म्हणाला, "संध्याकाळी वडिलांना आणतो. त्या गोळीच्या भोकासाठीच त्यांनी कोट जपलाय."

मग त्याने सगळं सांगितलं. गोळी लागल्यावर कप्तानाचा हात पुन्हा वर गेला नाही. शेतातला नांगर सुटला, उरलेलं आयुष्य गावच्या शाळेत पोरं शिकवण्यात गेलं. कोटाला त्याने बायकोला कधी सुई लावू दिली नाही. मांडीवरच्या नातवाला मात्र भोकात बोट घालू द्यायचा. तो नातू म्हणजे साहेबाचे हे वडील, आता ऐंशी ओलांडलेले.

ताहेरा जेवणाचा डबा घेऊन आली, तर नवरा कोट उचलतोय, ठेवतोय. "काय झाला तुमाला?"

"कुणाची तरी जखम पुसली मी."

"मंग उसवा," ती म्हणाली.

त्याने एकेक दोरा उसवला. भोक परत आलं, पण कातरलेली कड कुठून आणणार? ते आता दुप्पट झालं होतं.

संध्याकाळी म्हाताऱ्याने खांदा चाचपला, बोट आत सरकवलं. घट्ट बसलं. त्याने डोळे मिटले. "अगदी तेव्हासारखंच."

गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. नजीबला राहवेना. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सर, कड मी कापली. भोक मोठं झालंय."

म्हाताऱ्याने बोट काढलं नाही. "बोटही झालंय," तो म्हणाला. "थोडा वेळ बसू दे मला."

नजीबने स्टूल पुढे केलं, आणि दिवसभरात पहिल्यांदा स्वतःही बसला.