आबा गूळ कुठे शोधतील

बाहुल्यांची नावं सोनी आणि मोनी. सोनीकडे एक टोपली, मोनीकडे एक डबा. सोनीने आपला चेंडू टोपलीत ठेवला आणि ती बाहेर गेली. तिची पाठ वळताच मोनीने तो चेंडू काढून स्वतःच्या डब्यात टाकला. आता सोनी परत आली, तर ती चेंडू कुठे शोधेल?

एवढाच प्रश्न. नंदुरबारच्या तपासणी शिबिरात एका ताईने टेबलावर बाहुल्या चालवत तो विचारला, आणि आमच्या शेजारच्या रिनाने लगेच उत्तर दिलं, "डब्यात."

ताईने कागदावर काहीतरी लिहिलं. ते लिहिणं रिनाच्या आईने, प्रतिभाने, पाहिलं. मी त्यांच्या सोबतीला गेले होते. प्रतिभाचा नवरा भूपेंद्र केळीची गाडी भरण्यात अडकलेला, आणि कळसाडीत माझी चक्की एक दिवस बंद राहिली तर फार तर लोक खिचडी खातात.

रिना सात वर्षांची. ती स्वमग्न आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळलंय, त्यामुळे त्याचा धक्का नव्हता. पोरगी हुशार. पण विचारलं तेवढंच सांगणारी, आणि विचारलं नाही तर दिवसभर गप्प. बोलते ती पुस्तकातलं मराठी, टीव्हीवरून उचललेलं. घरात सगळे "काय करी ऱ्हायनी?" असं विचारणारे, आणि ही उत्तर देते, "मी पाणी पीत आहे." आवाज एकच, मोठा. कानात सांगायचं असलं तरी तोच. शाळेत बाई म्हणाल्या, "कोण सांगेल बरं सात आणि पाच किती?" तर ही गप्प. घरी आल्यावर आईला म्हणाली, "बाईंनी कोणाचं नाव घेतलं नव्हतं."

ताई भली होती. तिने नीट समजावलं. म्हणाली, आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल, त्याच्या डोक्यात दुसरंच काही असेल, हे बहुतेक मुलांना चारेक वर्षांची झाली की उमगतं. स्वमग्न मुलांना पुष्कळदा उशिरा उमगतं, किंवा वेगळ्या वाटेने. एका खेळावरून काही ठरत नसतं. घरी तिच्याशी बोलत राहा, पुढच्या महिन्यात परत या.

यातलं अर्धं प्रतिभाने ऐकलं, आणि नेमकं नको ते अर्धं. परतताना एसटी प्रकाशा गावाजवळच्या पुलाशी आली. पुलावर प्रतिभा म्हणाली, "काकी, म्हणजे मला काय वाटतं ते हिला कधीच कळणार नाही का?"

रिना आमच्या दोघींच्या मध्ये बसून तापीवरच्या पुलाचे खांब मोजत होती. मी म्हटलं, अगं तसं कुठे म्हणाली ती. माझ्या नवऱ्याला काय वाटायचं ते मला बावीस वर्षांत कळलं नाही, आणि मी काही स्वमग्न नाही.

दुसऱ्या दिवशी चक्कीवर मी दोन डबे आणि एक चिंच घेतली आणि दळणाला आलेल्या प्रत्येकाला सोनी-मोनीचा प्रश्न घातला. म्हटलं, बघू तरी शहाणी माणसं काय सांगतात.

छबूबाई म्हणाली, सोनी आधी शेजारणीला विचारेल, मी नसताना घरात कोण आलं होतं. भूपेंद्र म्हणाला, चेंडू मुळात कोणाचा होता ते आधी ठरवा, मोनीचाच असेल तर प्रश्न मिटला. एक जण म्हणाला, सोनी चेंडू शोधणारच नाही, सरळ मोनीची वेणी धरेल. प्रतिभाची सासू जसोदाबाई ज्वारीचा डबा काट्यावर ठेवून बराच वेळ विचार करत उभी राहिली आणि मग म्हणाली, "असली पोरना भरवशावर चेंडू ठेईसन ती सोनी बाहेर गयी कसाले? चूक तिनीच शे."

संध्याकाळपर्यंत एकोणीस माणसं झाली. टोपलीत शोधेल, असं एकानेही सांगितलं नाही. मी ताईला फोन लावला आणि सांगितलं की तुमच्या हिशोबाने अख्खी कळसाडी तपासणीला आणावी लागेल, गाडी मोठी पाठवा. ती खूप हसली. मग म्हणाली, मोठी माणसं प्रश्नात आपलं घर घालतात. तुम्ही असं करा, रिनालाही बाहुल्या नका दाखवू. तिने रोज पाहिलेलं काहीतरी विचारा.

रोज पाहिलेलं. मी फोन ठेवला आणि मला आबांचा गूळ आठवला.

आबा म्हणजे रतिलालभाई, रिनाचे आजोबा. साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोड बंद केलंय आणि रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलंय. आबांना दोन्ही मान्य नाही. गुऱ्हाळावरून त्यांनी गुळाचा एक खडा आणून पत्र्याच्या डबीत घातला आणि डबी घरात लपवली. जसोदाबाईला ती पहिल्याच आठवड्यात सापडली. दुसरी कोणी असती तर भांडली असती. जसोदाबाईने गुळाचे नखाएवढे तुकडे केले, रोज एकच तुकडा डबीत ठेवायला लागली, आणि आबा जेवून केळीत पाणी बघायला गेले की डबीची जागा बदलायला लागली. एवढुसा चालतो असं तिचं तिनेच ठरवलं, डॉक्टरला विचारलं नाही.

आता आबा परत येतात, तर डबी जागेवर नसते. विचारायची सोय नाही, विचारलं की चोरी कबूल. मग ते भिंतीतलं फडताळ, गोठा, मागचं अंगण, पुन्हा फडताळ असे फिरत राहतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "सातबारा धुंडी ऱ्हायनू." एक वर्ष झालं, सातबारा काही सापडलेला नाही. जसोदाबाई मात्र रोज त्यांच्या चकरा मोजते आणि चक्कीवर येऊन मला सांगते, आज अठरा झाल्या, आज बावीस. डॉक्टरला जे जमलं नाही ते मी करून दाखवलं, असा तिचा एकंदर सूर.

मी विचार केला, ही तर घरातली सोनी-मोनीच आहे. फक्त सोनीला मिशा आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जाऊन बसले. आबांनी जेवणानंतर डबी सरकीच्या गोणीत खुपसली, इकडेतिकडे पाहिलं आणि शेतात गेले. जसोदाबाईने डबी काढली आणि ओट्याखालच्या पितळी घागरीत टाकली. हे सगळं सकाळची शाळा उरकून आलेली रिना ओसरीतल्या झोपाळ्यावर बसून बघत होती. प्रतिभा गॅसपाशी होती, पण तिचे कान माझ्याकडे होते. मी काय करणार आहे हे तिला सांगितलेलं होतं.

मी विचारलं, "रिना, आबा परत आले की डबी कुठे शोधतील?"

"घागरीत," रिना म्हणाली.

प्रतिभाच्या हातातली पळी थांबली. जसोदाबाईला, म्हणजे रिनाच्या मोठ्या मायला, राहवेना. ती नातीला समजावायला लागली की बाई, त्यांनी तर सरकीमा ठेवेल व्हती ना, घागरीचं त्यांना कसं ठाऊक असेल. रिनाने ते ऐकून घेतलं आणि झोपाळ्याला पुन्हा पाय मारला. तिच्या बाजूने उत्तर देऊन झालेलं होतं.

प्रतिभाने गॅस बंद केला, भांडं झाकलं, झाकलेलं भांडं पुन्हा उघडलं. मला स्वतःच्याच दोन मुस्काटात मारून घ्यावंसं वाटलं. एकदा नापास होऊन आलेल्या पोरीला मी घरी बसवून दुसऱ्यांदा नापास केलं होतं.

तेवढ्यात आबा आले. पायावर पाणी घेतलं. रिनाच्या झोपाळ्यापाशी जरा वाकले, तिच्या फ्रॉकवरचा कापसाचा धागा काढल्यासारखं केलं, आणि घरात येऊन सरळ सरकीच्या गोणीत कोपरापर्यंत हात घातला. नंतर फडताळ. नंतर गोठा. जसोदाबाई माझ्याकडे बघून बोटं मुडपत होती. चौथी चक्कर, पाचवी चक्कर.

मला वाटलं, चला, निदान पोरीला दाखवून तरी देऊ. आबा गोणीकडे परत वळले तेव्हा मी हळूच म्हटलं, "बघ बरं, तू घागर म्हणाली होतीस. आबा तर गोणीत शोधतायत."

"आबा शोधत नाहीत," रिना म्हणाली. आवाज नेहमीचाच, म्हणजे ओसरीतून गोठ्यापर्यंत जाणारा. "डबी घागरीत आहे हे आबांना माहीत आहे. त्यांनी मला हळू विचारलं, मी बोटाने दाखवलं. मी रोज दाखवते. ते गोणीत हात घालतात कारण आबांना माहीत नाही असं मोठ्या मायला वाटलं पाहिजे."

आबांचा हात गोणीतच राहिला.

रिनाने क्षणभर विचार केला. मग, कुठे काही चूक राहू नये अशा काळजीने, पुढे म्हणाली, "त्यांना माहीत आहे हे मोठ्या मायला माहीत नाही." आणि आजीकडे बघून दुरुस्ती केली, "आता आहे."

कोणाला काय माहीत आहे आणि कोणाला काय माहीत नाही हे मी बोटांवर मोजून पाहिलं, तर मधल्या बोटापाशी माझा गोंधळ झाला. परत मोजलं. पोरगी बरोबर होती. ताईच्या प्रश्नात एकाच माणसाच्या डोक्यात शिरायचं होतं, ही आबांच्या डोक्यातून जसोदाबाईच्या डोक्यात जाऊन परत आली होती.

जसोदाबाईने मुडपलेली बोटं सरळ केली. "वरीसभर," ती म्हणाली. "वरीसभर मी चकरा मोजी ऱ्हायनू आणि तुम्ही माले फिरवी ऱ्हायनात?"

"मन्हा साक्षीदारच फुटी गया," आबा म्हणाले. पण त्यांनी गोणीतून हात काढला, शांतपणे घागरीतली डबी घेतली आणि तुकडा तोंडात टाकला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जसोदाबाई म्हणाली, गूळ उद्यापासून बंद. आबा म्हणाले, मग चालणंही बंद. दोघांची तिथेच जुंपली, आणि त्या भांडणातून आम्हाला एकेक गोष्ट कळत गेली.

आबा म्हणाले, सांगायला घरात दुसरं होतं कोण? भूपेंद्र आईचा, सून सासूची. ही पोरगी एकटीच अशी, की पूर्ण ऐकून घेते, मध्ये उपदेश करत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ते तिला सगळं नीट सांगत आले होते. बघ, मी डबी इथे ठेवली. तुझी मोठी माय ती काढेल. तिला वाटतं मला कळत नाही. मी सरळ जाऊन काढली तर तिला शंका येईल. म्हणून मी आधी गोणीत बघणार, तसं सोंग करणार, कळलं? रिनाने विचारायचं, शंका म्हणजे काय? आबांनी ते सांगायचं. सोंग म्हणजे काय? तेही सांगायचं. एक वर्ष, रोज दुपारी, जसोदाबाई चक्कीवर गेली की, झोपाळ्यापाशी. आबांना काही पोरीला शिकवायचं नव्हतं. त्यांना गूळ हवा होता.

प्रतिभा कधी उठून ओसरीत गेली ते मला कळलं नाही. मी मान वळवली तेव्हा ती झोपाळ्यासमोर जमिनीवर बसली होती आणि तिने झोपाळा हाताने धरून थांबवला होता.

"आबांना काय वाटतं ते तुला कळतं," ती म्हणाली. "मला काय वाटतं, ते कळतं का?"

"नाही," रिना म्हणाली.

मी दारातच उभी राहिले. पुढे जावं की मागे, समजेना.

"का नाही?"

"तू सांगत नाहीस. आबा सांगतात."

प्रतिभाने सुरुवात केली, शाळेत पहिल्यांदा उभं केलेल्या मुलीसारखी अडखळत. म्हणाली, मला कधी कधी रडू येतं. तुला दिसू नये म्हणून मी न्हाणीत जाते. आवाज येऊ नये म्हणून नळ सोडते.

"पाणी वाया जातं," रिना म्हणाली.

"हो."

"आणि मला दिसत नाही. आवाजही येत नाही. मग कसं कळेल?"

आत आबा म्हणत होते की अर्ध्या तुकड्यावर तडजोड करू, आणि जसोदाबाई म्हणत होती, ज्याने वर्षभर फसवलं त्याच्याशी मी तडजोड करत नाही. प्रतिभाने पदराने तोंड पुसलं. पुसून झाल्यावर परत ओलं झालं.

रिनाने ते पाहिलं. डोळ्यांत नाही, ती डोळ्यांत बघत नाही. तिने गालाकडे पाहिलं. "आत्ता काय वाटतंय?"

"आत्ता बरं वाटतंय."

"पण पाणी येत आहे."

"बरं वाटलं तरी येतं कधी कधी."

रिना यावर विचार करत बराच वेळ झोपाळ्याची कडी चाचपत राहिली. आबांचं सोंग समजायला तिला बहुधा इतका वेळ लागला नसावा. शेवटी ती झोपाळ्यावरून उतरली, आईच्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसली आणि कान तेवढा तिच्या बाजूला केला.

"हे अवघड आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग."