दोन खाचांची चकती

मैदानात दोनअडीचशे माणसं आणि मधोमध एक पांढरी व्हॅन. व्हॅनच्या सायलेन्सरमधून निळ्या धुराचे लोट निघत होते आणि माणसं नाक झाकायचं सोडून हात जोडून उभी होती.

"यंत्र नाही, जीव आहे तो!" धूरहरण महाराज गरजले. "दूषित हात लागला की जीव रडतो. त्याचे अश्रू निळे असतात!"

निळे अश्रू! थापांना काही ताळतंत्र? पण गर्दीने माना डोलावल्या. बोनेटवर जांभळी चादर पडली. चादरीखाली शिष्याने एकट्यानेच जायचं, इतर कुणी डोकावलं तर डोळे जातील अशी ताकीद होती. महाराज डोळे मिटून पुटपुटत राहिले. वीस मिनिटांनी शिष्य हात पुसत बाहेर आला.

"अकरा फेऱ्या!" महाराजांनी आज्ञा केली.

व्हॅनचा मालक, ज्याला सगळे टोपीवाला म्हणत, त्याने मैदानाला फेऱ्या मारायला सुरुवात केली. चौथ्या फेरीला धूर विरळ झाला, अकराव्या फेरीला नावालाही उरला नाही. एकच जयघोष झाला.

गर्दीच्या पहिल्या रांगेत मिस्त्रीची लेक उभी होती. ती जयघोष करत नव्हती. ती शिष्याच्या बोटांकडे बघत होती.

ते 'दूषित हात' म्हणजे तिच्या वडिलांचे हात. चढावर गाड्यांना जोर यावा म्हणून बाहेरून टर्बो बसवून देणारा पंचक्रोशीतला एकच मिस्त्री, म्हणजे अण्णा. चार महिन्यांपूर्वी त्यांनी टर्बो बसवलेल्या गाड्या एकामागून एक धूर ओकायला लागल्या. गाडीवाले गॅरेजकडे न फिरकता थेट महाराजांकडे जात आणि बऱ्या गाड्या घेऊन परतत. अण्णांना हे सांगायला मात्र सगळ्यांना वेळ होता. ऐकून ऐकून म्हाताऱ्याने पाना खाली ठेवला तो ठेवलाच. दिवसातून दहादा साबणाने हात धुवायचे. "माझ्याच हातात काहीतरी आहे ग," असं म्हणायचे. पन्नास वर्षं इंजिनं जुळवलेला माणूस! ते ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शिष्य तर घरचाच भेदी होता. सात वर्षं अण्णांच्या हाताखाली फिटर होता. जुने पार्ट नवे म्हणून बसवताना सापडला आणि तिनेच त्याला हाकललं होतं.

आज सकाळी टोपीवाल्याची व्हॅन धुरायला लागली. महाराजांकडे निघालेली ती व्हॅन तिने रस्त्यात आडवी येऊन थांबवली. "दहा मिनिटं दे, दादा. मग खुशाल जा." टर्बोला तेल नेणारी नळी तिने उघडली, आत पाहिलं आणि स्वतःशीच हसली. नळी पुन्हा घट्ट आवळली आणि नेहमीप्रमाणे बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ ओढली, निम्मी बोल्टवर आणि निम्मी शेजारच्या लोखंडावर. आवळलेला बोल्ट कुणी हलवला की रेघ तुटते. अण्णांनीच शिकवलेली रीत. आज तिने रंग जरा जास्तच घेतला होता. मग अण्णांना ओढून मैदानावर आणलं आणि कडेच्या एका टायरवर बसवलं.

"महाराज," ती पुढे झाली, "चादरीखाली काय केलंत?"

"मंत्राने बाधा काढली, मुली."

"बोल्टला हात लावला?"

"छे! लोखंडाला आम्ही शिवत नाही."

"मग ह्याची बोटं पिवळी कशी?"

शिष्याने हात पाठीमागे नेले, पण टोपीवाल्याने मनगट पकडून वर केलं. तिने बोनेट उघडलं. "या, बघा! डोळे गेले तर मी भरून देते." पिवळी रेघ मधोमध तुटली होती. तिने बोल्ट सोडवला आणि नळीच्या तोंडातून रुपयाहून लहान पितळी चकती काढली. मधे सुईच्या टोकाएवढं भोक होतं.

"सकाळी ही इथे नव्हती," ती म्हणाली. "टर्बो तेलावर फिरतो, पण हा बाहेरून बसवलेला. त्याला थेंबथेंब तेल पुरतं आणि तुमचं इंजिन पाजतं भसाभस. मग जास्तीचं तेल निसटतं आणि सायलेन्सरमध्ये जळतं. तुमचे निळे अश्रू ते हेच! तेल मोजून जावं म्हणून ही चकती. महाराजांच्या दर्शनाला जाताना किल्ल्या कुणाकडे ठेवता?"

सगळ्यांनी शिष्याकडे पाहिलं.

"तुम्ही आत डोकं टेकवता, हा बाहेर चकती काढतो. चादरीखाली तीच परत घालतो. आणि अकरा फेऱ्या कशाला? साचलेलं तेल जळायला तेवढा वेळ लागतो!"

"पाखंडी!" महाराज किंचाळले. "माझ्या मंत्रावर..."

"मंत्रावर ना? मग होऊन जाऊ दे."

महाराजांच्या स्वतःच्या जीपलाही टर्बो होता. तिने सगळ्यांदेखत त्यातली चकती काढली, मुठीत धरली आणि जीपची किल्ली टोपीवाल्याकडे फेकली. महाराजांना मैदानाच्या मधोमध उभं केलं. "म्हणा मंत्र. आम्ही फेऱ्या मोजतो."

एक, दोन, तीन. गर्दी मोजत होती. सहाव्या फेरीला महाराज खोकायला लागले, नवव्या फेरीला दिसेनासे झाले. अकरावी संपली तेव्हा धुरातून रडवेला आवाज आला, "बाई, बस करा!" तिला चार महिन्यांत इतकं गोड काही ऐकू आलं नव्हतं. "अजून अकरा," ती म्हणाली, आणि त्याही पुऱ्या करून घेतल्या.

मग ती व्हॅनमधली चकती घेऊन टायरपाशी गेली. अण्णांनी ती उजेडाला धरली. तिच्या कडेवर कानशीने पाडलेल्या दोन खाचा होत्या. म्हातारा त्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"ही माझी," ते म्हणाले. "भोक मीच पाडलंय."

"मग धूर कुणाच्या हाताने थांबत होता, अण्णा?"

चार महिने ज्या हातांना शिव्या बसल्या, त्याच हातांचं काम लोकांनी चमत्कार म्हणून डोक्यावर घेतलं होतं. ते हात त्यांनी पहिल्यांदाच मांडीवर उघडे ठेवले.

टोपीवाला हात जोडून पुढे आला. "चुकलं, मिस्त्री."

"खाली घ्या ते हात!" ती कडाडली. "जोडलेल्या हातांनी बोनेट उघडता येत नाही. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. गाडी धूर सोडते ना? उघडा, बघा, विचारा. ज्याला चादर लागते, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका."

पोलिसांकडे तक्रार तिने स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. आणि अण्णा व्हॅनपाशी जाऊन, इतक्या माणसांत जराही न लाजता, जुन्या आवाजात ओरडले, "पाना कुठाय माझा?"