कोपऱ्यातलं स्टूल

“परत फुगवटा!” धाकटीने पडद्यावरच्या रेषेवर बोट आपटलं. “डावीकडेच का येतोय हो, वहिनी?”

थोरली हाताची घडी घालून मागे उभी होती. “मला काय विचारतेस? आज परीक्षा तुझी.”

दोघी जावा, आणि नोकरीही अँटेनाच्या एकाच कारखान्यात. धाकटीला इथे चिकटवलं थोरलीनेच. एका फळीवर शेकडो बारक्या अँटेना बसवलेल्या असतात. एकच चालू ठेवून बाकीच्या गप्प करायच्या, तिची लहर मधल्या अँटेनाशी ताडून पाहायची, मागेपुढे असेल ती जुळवायची, मग पुढची. सगळ्यांचा मेळ बसला की फळी जागची न हलता हवी तिकडे नजर वळवते. हे सगळं धाकटीला हाताला धरून शिकवलं ते थोरलीने, आणि आता विभागप्रमुख म्हणून साहेबांच्या तोंडी नाव धाकटीचं. घरी सासूबाईही म्हणाल्या, “धाकटी हुशारच हो!” तेव्हा थोरली ताट अर्धंच टाकून उठली होती.

आज मेळ बसून पडद्यावरची रेष सरळ आली की धाकटीची नेमणूक पक्की होती.

फुगवटा कशाचा, ते थोरलीला सकाळपासून ठाऊक होतं. चाचणीच्या बंद खोलीत भिंतींना काळ्या स्पंजचे सुळके असतात. ते लहरी गिळतात. लोखंड मात्र त्या परत फेकतं. आणि आत डाव्या कोपऱ्यात, सुळक्यांच्या आड, एक लोखंडी स्टूल राहिलं होतं. काल दोघीही आत होत्या. ‘हिचाच वेंधळेपणा. निस्तरू दे,’ म्हणून ती गप्प बसली होती.

साहेब आले. “झालं का?”

“नाही साहेब. मोजणीत माझंच काहीतरी चुकतंय,” धाकटी म्हणाली. “कालची जुळणी वहिनींनी केलीय. त्यांचा हात चुकायचा नाही.”

थोरलीची कानशिलं तापली. ती चाचणीच्या खोलीत गेली. स्टूल उचललं आणि तिथेच थबकली. एका पायाला सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. डगडगू नये म्हणून तिनेच गुंडाळलेली. काल जुळणी झाल्यावर वरची तार घट्ट करायला तीच त्यावर चढली होती, हे तिला आत्ता आठवलं.

“माझंच आहे,” ती म्हणाली. सुळक्यांनी तेही गिळलं. बाहेर काही पोचलं नाही.

ती स्टूल घेऊन दारात आली. साहेबांनी आधी स्टुलाकडे पाहिलं, मग धाकटीकडे. “हे आत कुणी ठेवलं?”

“मीच असेन, साहेब. काल मी पण...”

“ती नाही. माझं आहे,” थोरली म्हणाली, या वेळी मोठ्याने. “आणि सकाळीच दिसलं होतं मला.”

धाकटीने वळून तिच्याकडे पाहिलं. मग जड दार ओढून घेतलं आणि मोजणी पुन्हा सुरू केली.

थोरलीने स्टूल धाकटीच्या खुर्चीमागे ठेवलं, आणि त्यावर बसून पडद्यावर सरळ उमटत जाणारी रेष शेवटपर्यंत पाहिली.