टटल डॉक्टरांचं टेबल

मी टेबल. जेवायचं नव्हे, लिहायचंही नव्हे. माणसाला निजवून तपासायचं. बोलण्याची मला आवड नाही, पण आता या खोलीत बोलायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

उत्तर मिसूरीतल्या काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा मी. गावच्याच सुताराने मला घडवलं. वर जाड गादी, तिच्यावर चामडं. बैलासारखी माणसं पेलली, पण कधी कुरकुरलो नाही.

माझे मालक डॉक्टर ऑरिन टटल. ऑस्टिओपॅथ, म्हणजे हातांनी चाचपून दुखणं ओळखणारे डॉक्टर. औषधं देत, टाके घालत, बाळंतपणं करत. पण सगळ्याच्या आधी हात लावत. त्यांची रीत ठरलेली होती. आधी पालथं निजवून पाठ चाचपायची, मग उताणं करून पोट. कोणी सर्दी घेऊन आला तरी तेच. इथल्या लोकांना त्याशिवाय तपासल्यासारखं वाटतच नसे.

शिकाऊ डॉक्टर इथे येत. माझ्याजवळ उभे राहून हात बसवत आणि शहरात निघून जात. त्यांतला एक पुढे भेटायला आला होता. म्हणाला, तिकडे दहा मिनिटांत माणूस उरकावा लागतो, हात लावायला सवड कुठे असते. त्याच वर्षी जवळचं हॉस्पिटल बंद पडलं. चारी बाजूंच्या गावांना डॉक्टर असा एवढा एकच राहिला.

आणि त्यांचीच बोटं मेली. साखरेच्या आजाराने. चादर अंथरताना तिच्या सुरकुत्या त्यांच्या हाताला लागेनाशा झाल्या, तेव्हा मला कळलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. आपल्या जागी कोणी यावं म्हणून पत्रं पाठवली. कोणी आलं नाही. मग ते तसेच काम करत राहिले.

ऐन कापणीच्या दिवसांत डेल्मर हचिन्स आला. सोयाबीनचा शेतकरी, डुकरंही पाळायचा. डॉक्टरांचा शाळासोबती. कंबर धरून आला होता. सोबत बायको व्हर्लीन.

डेल्मर पालथा निजला. त्याचं जड पोट माझ्या गादीत रुतलं आणि मी हादरलो. पोटात काहीतरी धडधडत होतं. छातीच्या ठोक्यांबरोबर, पण छातीहून जोरात. अशी असंख्य पोटं माझ्यावर टेकली होती. असं कधी जाणवलं नव्हतं.

डॉक्टरांनी पाठ दाबली. म्हणाले, ट्रॅक्टरवर बसून आखडली आहे. मग डेल्मरला उताणं केलं. मला वाटलं, आता सापडेल.

त्यांनी पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. डोळेसुद्धा मिटले. मग हात काढून घेतला.

व्हर्लीनने विचारलं, "डॉक्टर, शहरात नेऊन फोटो काढून आणू का? मी गाडी काढते."

डॉक्टर लगेच बोलले नाहीत. हो म्हणायला तेवढा वेळ पुरला असता.

"तिकडे याला कोणी हातही लावणार नाही, व्हर्लीन. मशीनमध्ये घालतील आणि गोळ्या देऊन घरी पाठवतील."

"मशीनमध्ये मी मावणार आहे का?" डेल्मर हसत म्हणाला. "ऑरिनने बघितलं ना, मग झालं. चल, डुकरं उपाशी आहेत."

त्याच आठवड्यात डुकरांना खाणं घालताना तो कोसळला. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगून फुटली होती. शहरातल्या डॉक्टरांनी व्हर्लीनला सांगितलं की फोटो काढला असता तर दिसली असती.

दफन झाल्यावर व्हर्लीन इथे आली. डॉक्टर माझ्या काठावर बसले होते. त्यांनी तिला बोटांचं सांगितलं. काही लपवलं नाही. मग ती ओरडेल म्हणून वाट बघत राहिले.

ती ओरडली नाही. म्हणाली, "आम्हाला ठाऊक होतं. चर्चमध्ये तुम्हाला बाहीचं बटण लावता येत नव्हतं. डेल्मरनेच लावून दिलं. घरी येऊन मला म्हणाला, कोणाजवळ बोलू नकोस. याने दवाखाना बंद केला तर आपण जायचं कुठे?"

डॉक्टरांनी मान खाली घातली. जाताना तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला नाही.

डॉक्टरांनी त्या दिवशी दाराला कुलूप लावलं ते पुन्हा उघडलं नाही. आता लोक दोन तासांवरच्या शहरात जातात. ज्यांना गाडी चालवता येत नाही ते घरीच राहतात.

माझं चामडं तडकलं आहे. त्याचं मला काही नाही. मला पॉलिश नको, कौतुक नको. डॉक्टर पाठवा. ज्याच्या बोटांना कळतं असा. आणि ज्या दिवशी कळेनासं होईल त्या दिवशी तसं सांगेल असा. तोवर मी उभा आहे. पाय अजून मजबूत आहेत.